गिटारची फ्रेट वायर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची तार) घरच्या घरी स्वस्तात कशी वाकवायची? तयार बेंडर फार महाग आहे

स्केटच्या चाकातली ६०८ नंबरची चार बेअरिंग घ्या आणि जाड फळीवर बोल्टने बसवा, दोन एका बाजूला, उरलेली दोन समोर मधोमध एकाच बोल्टवर, आणि मधून वायर ओढा, तयार बेंडरही हेच करतो. मधल्या जोडीत पातळ वॉशर टाका कारण वायरचा टँग (खालची पातळ कड, जी मानेतल्या खाचेत ठोकतात) वळणाच्या आतल्या बाजूला येतो, त्याला खाच मिळाली नाही की वायर पिळते आणि गेली भंगारात. मधल्या बोल्टचं भोक लांबट ठेवा, गोलाई कमीजास्त करता येते. फ्रेटबोर्ड (मानेवरची फळी) १२ इंच रेडियसचा, म्हणजे तेवढ्या त्रिज्येच्या गोलाईचा असेल तर वायर १० इंचाच्या आसपास वाकवा, म्हणजे ठोकल्यावर टोकं उचलत नाहीत. हे निकेल-सिल्व्हरच्या वायरपुरतं हं, स्टेनलेस फार ताठ असतं, त्याला फळीऐवजी लोखंडी पट्टीच घ्या.