पर्स्पेक्टिव्ह दिलेले लेबल खोक्यावर चिकटल्यासारखे का दिसत नाही?

कोरलड्रॉ या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये खोक्याच्या दोन बाजूंवर लेबले बसवून त्यांचे कोपरे कडांना तंतोतंत जुळवले, तरी खोके पिळवटल्यासारखे दिसते आणि अक्षरे मागे जाताना अरुंद होत नाहीत, असे आपण विचारले आहे. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

अक्षरांवरून वाटते, की आपण ‘ॲड पर्स्पेक्टिव्ह’ (दूरचा भाग लहान दाखवणारी सोय) याऐवजी ‘एन्व्हलप’ वापरले असावे. एन्व्हलप आकृतीला नव्या चौकटीत ताणून बसवते. जवळचा अर्धा भाग दूरच्या अर्ध्या भागापेक्षा रुंद दिसला पाहिजे, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. पडताळा सोपा आहे: समोरासमोरचे कोपरे कर्णांनी जोडावेत आणि लेबलाचा मूळ मध्य त्यांच्या छेदनबिंदूवरच आला आहे ना, ते पाहावे. ही कसोटी काही संगणकाच्या काळातली नव्हे. चित्रात फरशीच्या चौकटी बरोबर उतरल्या का, हे कर्णरेषेने तपासण्याची रीत इटालियन वास्तुकार आणि लेखक अल्बर्टीने १४३५ मध्येच लिहून ठेवली आहे.

पिळवटलेपणाचे मूळ मात्र खोल आहे. सॉफ्टवेअरला खोके दिसतच नाही. त्याला चार कोपऱ्यांचे, प्रत्येकी दोन असे, आठ आकडे मिळतात आणि त्यांतून ते एक रूपांतर काढते. तसे कोपरे खऱ्या खोक्यात संभवतात की नाही, हे पाहणे आपले काम. सपाट पृष्ठावर ठेवलेल्या खोक्याच्या आडव्या कडा प्रत्येक बाजूपुरत्या एकेका लोपबिंदूकडे (मागे जाणाऱ्या समांतर रेषा जिथे मिळाल्यासारख्या दिसतात त्या बिंदूकडे) धावतात आणि दोन्ही लोपबिंदू डोळ्याच्या उंचीवरच्या एकाच क्षितिजरेषेवर असतात. दोन्ही बाजू वेगवेगळ्या, नुसत्या नजरेने ओढल्या, की एक बिंदू वर आणि दुसरा खाली जातो, आणि बघणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी खोटेपणा जाणवतो.

म्हणून आधी पट्टीवरून एक आडवी गाइडलाइन ओढून तिलाच क्षितिज मानावे. मग प्रत्येक बाजूचे सर्व घटक ग्रुप करून पर्स्पेक्टिव्ह द्यावा आणि फुलीच्या रूपात दिसणारा लोपबिंदू त्या रेषेवर आणावा. कोपरा ओढताना कंट्रोल दाबून ठेवल्यास तो आडवा किंवा उभाच सरकतो, त्यामुळे उभ्या कडा तिरक्या होत नाहीत. दोन लोपबिंदू फार जवळ घेण्याचा मोह टाळावा, नाहीतर खोके नाकाला लावून पाहिल्यासारखे दिसते. बाजूची रुंदी किती आक्रसावी, हे सॉफ्टवेअर सांगत नाही. तिथे मी अजूनही खरे खोके समोर ठेवूनच ठरवतो.

एक बारकावा राहिला. आउटलाइनची जाडी पर्स्पेक्टिव्हमुळे बदलत नाही, ती जवळ-दूर सारखीच राहते. त्यामुळे लेबलाला जाड किनार असेल, तर पर्स्पेक्टिव्ह देण्यापूर्वीच कंट्रोल-शिफ्ट-क्यू दाबून तिचे ऑब्जेक्टमध्ये रूपांतर करावे.