एम.टेक.ला लागलास, आता फेलोशिपचं

भाऊ, धुळ्यात राहून फेलोशिप मिळवणं जमेल का, असं विचारलंस. जमतं. सुरुवातीला एवढंच सांभाळ.

गेटचा, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेचा, स्कोअर ३ वर्षं चालतो, तो वाया घालवू नकोस. प्रवेशावेळी तो वैध असेल आणि कॉलेज एआयसीटीई-मान्य (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) असेल, तर महिन्याला १२,४०० रुपये शिष्यवृत्ती मिळते. बँक खातं एकट्याच्या नावाचं, आधार जोडलेलं ठेव. आपल्याकडची बरीच पोरं वडिलांसोबतचं जॉइंट खातं देतात आणि तिथेच अडकतात.

आता संशोधनाला मार्गदर्शक मिळावा म्हणून प्राध्यापकांना मेल. मी पहिल्यांदा एकच मजकूर चाळीस जणांना पाठवला, एकाचंही उत्तर आलं नाही. मग एकाच सरांचे दोन पेपर नीट वाचले आणि पाच ओळी लिहिल्या: तुमच्या प्रयोगात धाग्याला ओलावा लागल्यावर ताकद किती घटते? आमच्या रावेरकडे केळीची खोडं बांधावर कुजतात, त्यांच्या धाग्यावर मला काम करायचंय. दुसऱ्याच दिवशी फोन आला. आपल्या शेताशिवारातला प्रश्न हेच तुझं भांडवल आहे, त्याची लाज बाळगू नकोस.

नेहमीच्या चुका:
- शेवटच्या दिवशी फॉर्म भरणं. जातीचा, नॉन-क्रिमीलेयरचा दाखला आत्ताच काढ.
- शिफारसपत्र आदल्या रात्री मागणं.
- इंग्रजीला घाबरून अर्जच न करणं.

संशोधन प्रकल्पातल्या जेआरएफला (ज्युनिअर रिसर्च फेलोला) महिन्याला ३७,००० आणि घरभाडं मिळतं, पीएमआरएफची (पीएच.डी.साठीच्या पंतप्रधान संशोधन फेलोशिपची) रक्कम त्याहून मोठी. पण ते पुढचं. आधी तूही एका सरांचे दोन पेपर वाच आणि मेलचा मसुदा मला दाखव.