हँडिकॅप रेटिंग : वाचकांच्या शंका

घोड्यांच्या शर्यतींचे सिम्युलेशन गेम खेळणाऱ्यांकडून तेच ते प्रश्न येत आहेत, म्हणून एकत्र उत्तरे देतो. हँडिकॅप म्हणजे अशी शर्यत, जिच्यात घोड्याच्या कुवतीप्रमाणे पाठीवर कमी-जास्त वजन देतात; ही कुवत रेटिंगने मोजतात. उत्तरे ब्रिटनच्या पद्धतीवर बेतलेली आहेत. तुमच्या गेमने त्यात काही फेरफार केला असेल, तर त्याची नियमावली प्रमाण माना.

प्रश्न : रेटिंग ७० म्हणजे नेमके काय?

वजनाचा हिशेब. एक पॉइंट म्हणजे एक पौंड. ७० चा घोडा ६२ च्या घोड्यापेक्षा ८ पौंड जास्त घेऊन धावतो, आणि दोघांनी एकाच वेळी रेषा ओलांडावी असा हँडिकॅपरचा, म्हणजे रेटिंग ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचा, अंदाज असतो. मुंबई-पुण्याच्या रेसमध्ये पॉइंटला अर्धा किलो धरतात. तो हिशेब इथे लावू नका.

प्रश्न : नव्या घोड्याला रेटिंग कधी मिळते?

साधारणपणे तीन शर्यती धावल्यावर.

प्रश्न : घोडा जिंकला, रेटिंग तेच राहिले, तरी पुढच्या शर्यतीत वजन वाढले. बिघाड आहे का?

नाही, ती पेनल्टी आहे. ब्रिटनमध्ये नवी रेटिंग्ज मंगळवारी जाहीर होतात. त्याआधीच घोडा पुन्हा उतरवला, तर जादा वजन पडते. किती, ते त्या शर्यतीच्या अटींत दिलेले असते. नोंदणी करण्याआधी अटी वाचा.

प्रश्न : शिकाऊ जॉकी घेतला तर रेटिंग उतरते का?

नाही. सवलतीप्रमाणे ३, ५ किंवा ७ पौंड वजन कमी होते, इतकेच.

प्रश्न : ग्रुपवर सगळे सांगतात, आधी चार-पाच शर्यती मुद्दाम हरायच्या, रेटिंग पाडायचे आणि मग मोठी शर्यत मारायची. हे बरोबर आहे का?

अजिबात नाही. या एका ऐकीव सल्ल्याने चांगले घोडे वाया गेलेले मी पाहतो आहे. खऱ्या रेसकोर्सवर घोडा जिंकण्यासाठी न पळवणे हा गुन्हा आहे, त्यात ट्रेनर आणि जॉकी दोघांवर बंदी येऊ शकते. ते बाजूला ठेवले तरी हिशेबही जमत नाही. समजा, सर्वात वरच्या घोड्याचे रेटिंग १०० आणि वजन १४० पौंड आहे, आणि शर्यतीचे किमान वजन ११४ पौंड. ७४ च्या घोड्याला बरोबर ११४ पौंड मिळतात. तुम्ही हरून हरून त्याला ६५ वर आणले. हिशेबाने त्याला १०५ पौंड हवेत, पण किमान वजनाच्या खाली जाता येत नाही, म्हणजे पाठीवर पुन्हा ११४च. नऊ पॉइंट पाडून हाती काहीच आले नाही. त्यातून अर्ज जास्त आले तर मोठ्या हँडिकॅपमध्ये कमी रेटिंगवाले आधी वगळले जातात, म्हणजे ज्या शर्यतीसाठी एवढे केले तिथे प्रवेशही नाही. या सगळ्यात तीन वर्षांच्या घोड्याचा उमेदीचा मोसम निघून जातो. घोडा तयार असेल तर आजच उतरवा. शर्यत कोणती, हे ठरत नसेल तर गेमच्या व्यवस्थापकांना विचारा, ग्रुपला नको.

प्रश्न : वजनामुळे खरोखर श्रेष्ठ घोडा हरतो?

हरतो. १९६६ साली इंग्लंडमधल्या न्यूबरीला हेनेसी गोल्ड कप या हँडिकॅपमध्ये आर्कल हा नामवंत घोडा १७५ पौंड घेऊन धावला. त्याच्यापेक्षा ३५ पौंड, म्हणजे जवळजवळ १६ किलो, कमी वजन असलेल्या स्टॅलब्रिज कॉलनिस्टने त्याला अर्ध्या लेंथने, म्हणजे घोड्याच्या अर्ध्या लांबीच्या अंतराने, हरवले. आर्कल त्याहून कितीतरी सरस होता, याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

प्रश्न : ‘गुप्त रेटिंग’ सांगणारा चार्ट विकत घ्यावा का?

घेऊ नका. रेटिंग सर्वांना फुकट दिसते, त्यात गुप्त काही नसते. हे चार्टवाले जुन्या निकालांचेच आकडे नव्या रंगात विकतात. पैसे आधीच दिले असतील तर पावती जपून ठेवा आणि गेमच्या चालकांकडे लेखी तक्रार करा. चार्टबरोबर कुणी खऱ्या पैशांची पैज सुचवत असेल, तर एक रुपयाही देण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या.