डोंगर कळसूबाईहून बुटका, पण बर्फातला

प्रश्न : ताई, लेक अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. तिथल्या आउटिंग क्लबाबरोबर डिसेंबरात मूसिलॉक डोंगरावर जायचं म्हणते. कळसूबाई, हरिश्चंद्रगड केलेत तिने, पण बर्फ कधी पाहिला नाही. जाऊ द्यावं का?
– एक आई, नाशिक

उत्तर : जरूर जाऊ द्या. हा क्लब १९०९ सालचा, तिथल्या कॉलेजांमधला सर्वांत जुना. मुलांना हिवाळी खेळांची गोडी लागावी म्हणूनच तो निघाला.

मूसिलॉक १,४६४ मीटर, कळसूबाईहून कमीच. पण माथा उघडा, वारा बोचरा आणि डिसेंबरात सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो.

मी तिथल्या शेजारच्या व्हर्माँट राज्यात राहते, हिवाळ्यात डोंगर चढते. आपली मुलं फसतात ती कपड्यांत. आत घरून आणलेला सुती बनियन, वर जाडजूड जॅकेट! चढताना घाम येतो, सुती कापड तो धरून ठेवतं आणि थांबलं की हुडहुडी भरते. अंगालगत लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं हवं. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवायची. पाणी वरून गोठतं, मग झाकणाकडची बाजू मोकळी राहते.

स्नोशूज (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटांखाली बांधायच्या रुंद चौकटी), घसरू नये म्हणून बुटांना लावायचे काटे विकत घेऊ नका, कॉलेजातच भाड्याने मिळतात.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. बोटं बधिर झाली तरी आपली मुलं भिडेपोटी बोलत नाहीत. म्होरक्याला लगेच सांगायचं, हे तिला आजच फोनवर बजावा.