बुटांचं कुलूप आधी काढा

प्रश्न : माझा मुलगा यंदा बारावी सायन्स झाला. ६४ टक्के पडले, सीईटीत ७१ परसेंटाइल. शिरोलीत माझं छोटं मशिन शॉप आहे, म्हणून मॅनेजमेंट कोट्यातून मेकॅनिकलला घालायचं ठरवलंय, पैशाची सोयही झाली आहे. पण त्याच्या डोक्यात वेगळंच. दोन वर्षं तो एका संस्थेबरोबर शनिवार-रविवार शाळांच्या मुलांना पन्हाळा, मसाई पठार, दाजीपूरला घेऊन जातो. मिळतं काय, तर जेवण आणि गाडीखर्च. आदल्या रात्री अकरा-अकरापर्यंत वहीत पोरांची नावं, कुणाला काय औषध, असलं काहीतरी लिहीत बसतो. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं चाललंय. शेवटी वैतागून त्याची सॅक, बूट आणि त्या दोराच्या कड्या-बिड्या कपाटात घालून कुलूप लावलं. तीन आठवडे झाले, तो बोलत नाही. मीही कॉलेजात असताना दोनदा पन्हाळा ते पावनखिंड चाललोय, पण तो छंद होता. सहलीचा हमाल होऊन पोट भरतं का? तुम्ही त्याला समजावून सांगा.
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : नमस्कार. मार्कांबद्दल मला फार बोलायचं नाही. ६४ टक्क्यांवर रडायचं कारण नाही आणि पेढे वाटायचंही नाही. मी अडकले ती कुलपापाशी.

तुमचा मुलगा मतदान करण्याच्या वयाचा आहे. त्याचे बूट कुलपात घालणं म्हणजे त्याला परत तिसरीत बसवणं. आणि 'तीन आठवडे झाले, तो बोलत नाही' हे तुम्ही एका ओळीत उरकलंय. पैशाच्या सोयीइतकीच जागा त्याला दिलीय. सबंध पत्रातली सगळ्यात तातडीची गोष्ट ती आहे. निकालानंतरच्या दिवसांत मूल गप्प झालं की ते हट्ट करतंय असं धरून चालू नका. तो जेवतो का, झोपतो का, मित्रांशी तरी बोलतो का, हे आजच बघा. यातलं काही बिघडलेलं दिसलं तर प्रवेश, कोटा, मुदत सगळं बाजूला ठेवून त्याला डॉक्टरांकडे न्या. कॉलेज पुढच्या वर्षीही मिळेल.

'हमाल' हा शब्द तुम्ही त्याच्या तोंडावर वापरला असेल, तर तोही मागे घ्या. एक तर हमाली हे कष्टाचं काम आहे, ते शिवी म्हणून वापरू नये. दुसरं, तो जे करतो ते तुम्ही पाहिलेलंच नाही. मला मात्र ते तुमच्याच पत्रात दिसलं, त्या वहीत.

काही वर्षांपूर्वी मी एका शाळेच्या सहलीबरोबर किल्ल्यावर गेले होते. शाळेचं नाव सांगत नाही. पन्नासच्या वर मुलं, तीन शिक्षक. अर्ध्या चढावर सहावीतला एक मुलगा खाली बसला. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, ओठांचा रंग उतरला होता. त्याला दमा आहे हे वर्गशिक्षिकेला माहीत होतं, पण त्या सहलीला आल्याच नव्हत्या. इनहेलर त्याच्या दप्तरात होता, दप्तर बसमध्ये आणि बस पायथ्याला. एक शिक्षक धावत खाली गेले आणि घेऊन आले, मुलगा सावरला. त्या पंचवीस मिनिटांत मी त्याचा हात धरून बसले होते आणि वर गेलेल्या मुलांना मोजायला कुणी मोकळं नव्हतं. कुणाजवळ तुमच्या मुलाच्या वहीसारखं एक पान असतं, तर ते औषध पोराच्या खिशात असतं.

तुम्ही ज्याला रिकामा उद्योग म्हणताय तो या कामाचा गाभा आहे. दोर, गाठी, रॅपलिंग म्हणजे दोरावरून कडा उतरणं, हे त्यामानाने लवकर शिकता येतं. कोण मागे पडतंय, कुणी सकाळपासून पाणी प्यायलेलं नाही, कुठल्या कड्याखाली मधमाश्यांची पोळी आहेत आणि तिथून मुलांना अत्तर-धूर-आरडाओरडा न करता कसं काढायचं, हे ज्याला न सांगता सुचतं तो माणूस शाळांना हवा असतो. २०१६च्या फेब्रुवारीत मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले, ते आपण सगळ्यांनी वाचलंय. अशा सहलींवर मुलं मोजणारा, भरती-ओहोटी बघणारा आणि 'पाण्यात जायचं नाही' हे ठामपणे सांगणारा माणूस लागतो. २०२१मध्ये महाराष्ट्र शासनाने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. तेव्हापासून असे उपक्रम घेणाऱ्या संस्थांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते, सुरक्षिततेचे नियम पाळावे लागतात. हौशी पोरांच्या भरवशावर चालणारा काळ हळूहळू संपतोय.

आता शाळांकडून बघा. दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकातला पहिलाच धडा 'क्षेत्रभेट' आहे. मुलं प्रश्नावली कशी करायची ते पाठ करतात, कचऱ्याचं व्यवस्थापन कसं कराल याचं उत्तर लिहितात, पूर्ण गुण घेतात आणि बहुतेकांनी क्षेत्र पाहिलेलंच नसतं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी १० दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलेत. त्या १० दिवसांत मुलांना काय दाखवायचं, हे मुख्याध्यापकांना विचारून पाहा. अनेक ठिकाणी बाग किंवा वॉटर पार्क यापलीकडे उत्तर येत नाही.

आणि आपलं कोल्हापूर यासाठी केवढं भरलेलं आहे! प्रयाग चिखलीला मुलांना उभं करा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून पंचगंगा होते, हे त्यांनी वाचलेलं असतं. तिथल्या घरांच्या भिंतींवर २०१९च्या पुराची खूण कुठवर आहे ते टेपने मोजायला लावा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांना आलं की इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे दर पावसाळ्यात घरोघरी बोलले जातात. ते आकडे आणि ही भिंतीवरची खूण यांचा मेळ घालायला सांगा. भूगोल त्या दिवशी घरी जातो. किंवा पाऊस ओसरताना जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाच्या पठारावर न्या. गुडघे टेकल्याशिवाय न दिसणारी दवबिंदूची लाल पानं, शेजारी सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं. दोन्ही कीटक खाणाऱ्या वनस्पती. का खातात, हे लगेच सांगायचं नाही. मातीचा थर किती पातळ आहे ते बोटाने बघू द्यायचं. कुणीतरी पोरगं म्हणतंच, 'सर, इथं मातीत खायलाच काय नाही.' हे घडवून आणणं म्हणजे शिकवणं, आणि त्यासाठी वनस्पतिशास्त्र यावं लागतं.

इथे मी तुमच्या मुलाकडे वळते. हे त्याला वाचायला द्या.

बाळा, तुझ्या बाजूनेही एक मोठा गैरसमज असणार. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ मुलांचा तो असतो : उत्तरकाशीला जाऊन गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केला की आपण इन्स्ट्रक्टर. तिथली नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ची, दार्जिलिंगची संस्था १९५४ची, दोन्ही नावाजलेल्या. पण २८ दिवसांचा बेसिक कोर्स तुला डोंगरात स्वतःला सांभाळायला शिकवतो, दुसऱ्याला सांभाळायला नाही. त्यात 'ए' श्रेणी मिळाली तर ॲडव्हान्स, त्यानंतर मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन, म्हणजे शिकवायचं कसं याचा कोर्स. एवढं करूनही तू तयार होतोस तो गिर्यारोहण शिकवायला. पाचवीतल्या चाळीस मुलांना मसाई पठारावर दिवसभर धरून ठेवणं ही वेगळी विद्या आहे. कोल्हापूरच्या कस्तुरी सावेकरने २०२२मध्ये एव्हरेस्ट सर केलं, त्याचा आपल्या सगळ्यांना अभिमान आहे. पण शिखर आपण स्वतःसाठी चढतो आणि तुझ्या कामात तू बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी चालणार आहेस, रडणाऱ्या पोराची सॅक घेऊन. वरचा सूर्योदय चुकणार आहे. ते चालत असेल तरच पुढे वाच.

पदवी घे. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा भूगोल, यातलं जे तुला पठारावर जास्त खुणावतं ते. कोल्हापुरातल्या कॉलेजांत बी.एस्सी. होते आणि शिवाजी विद्यापीठाच्या आवारात वनस्पती उद्यान आहे, तिथे पडीक राहा. कॉलेजात एनसीसी घे, कॅडेटना गिर्यारोहणाच्या कोर्सला पाठवतात. प्रथमोपचार मात्र आत्ताच शिक, कॉलेज सुरू व्हायच्या आधी. पुढे बी.एड. केलंस तर शाळेत उपक्रम-शिक्षक म्हणून शिरता येतं, आणि संशोधनाची ओढ लागली तर एम.एस्सी., डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था वगैरे रस्ते आहेत. ते तेव्हा बघू.

आणखी एक, जरा कडक. दोन वर्षं तू जेवणावर राबलास. पहिले चार-सहा महिने शिकाऊ म्हणून ठीक. त्यानंतर जी संस्था शाळांकडून पैसे घेते तिने तुला मानधन द्यायलाच हवं. ते माग. संस्थेची नोंदणी आहे का, मुलांचा आणि तुमचा विमा काढतात का, तेही विचार. उत्तर टाळलं तर दुसरी संस्था शोध. ज्यांना स्वतःच्या माणसांची फिकीर नाही, ते लोकांच्या मुलांची काय करणार? तुझे वडील चिडले त्यात हा मुद्दा खरा आहे, तो नाकारू नकोस.

आता परत तुमच्याशी. पैशाचं सांगते, कारण पोट भरतं का हा तुमचा प्रश्न रास्त आहे. सुरुवातीची काही वर्षं कमाई रोजावर असते आणि हंगामी असते : दिवाळीनंतर सहली, एप्रिल-मेमध्ये शिबिरं, मधले महिने कोरडे. एका निवासी शाळेत किंवा चांगल्या संस्थेत पक्की जागा मिळाली की स्थिरता येते, पण इंजिनिअरच्या पगाराशी तुलना करत बसलात तर घरात रोज भांडण होईल. म्हणूनच मी पदवी आणि बी.एड.चा आग्रह धरते. ते त्याच्या पायाखालचं जोतं.

मॅनेजमेंट कोट्याचे पैसे भरू नका. तुमच्या दुकानाला वारस हवा म्हणून चार वर्षं आणि एवढी रक्कम अशा मुलावर लावताय, ज्याने ते मागितलेलं नाही. उद्या त्याला दुकानात यावंसं वाटलं तर तुम्ही हाताशी धरून जे शिकवाल ते कुठल्याही कॉलेजपेक्षा जास्त असेल. त्याला 'समजावून' सांगायचं काम मी घेणार नाही, ते पत्रातल्या पहिल्या ओळीपासूनच माझ्या मनात आलं नाही.

आज संध्याकाळी एवढं करा. कपाट उघडा, आणि त्याच्यासमोर उघडा. बूट त्याच्या हातात द्या. मग त्या कड्या-बिड्यांतली एक कडी उचला, तिला कॅराबिनर म्हणतात. ती किती भार झेलते त्याचे बारीक आकडे अंगावर कोरलेले असतील, किलोन्यूटनमध्ये. लांबीच्या दिशेने २०च्या वर, आडवा त्याच्या निम्म्याहूनही कमी, ७-८च्या आसपास. धातू तुम्हाला त्याच्यापेक्षा चांगला कळतो. आडव्या भाराला ही कडी एवढी कमजोर का, ते त्याला विचारा, आणि तो सांगत असताना मध्ये बोलू नका.