बर्फावरचा गॉगल: नाशिकच्या वाचकांचे प्रश्न

जानेवारीत गुलमर्गला स्कीइंगच्या कोर्सला जातोय. दुकानदार गडद, आरशासारख्या काचेचा गॉगल देतोय. तेवढा एक पुरेल? (गंगापूर रोड)

कडक उन्हात पुरेल, पण जानेवारीत तिथे ढग आणि हिमवर्षावही भरपूर असतो. काचेच्या रंगाआधी तिच्यातून किती टक्के प्रकाश आत येतो ते पाहा. खोक्यावर हा आकडा ‘व्हीएलटी’ म्हणून असतो, किंवा नुसता वर्ग दिलेला असतो: एस१ म्हणजे ४३ ते ८० टक्के, एस२ म्हणजे १८ ते ४३, एस३ म्हणजे ८ ते १८ आणि एस४ म्हणजे ३ ते ८. तुम्हाला दाखवलेली काच बहुधा एस३ असेल.

ढगाळ हवेत प्रकाश चहूबाजूंनी सारखाच येतो, सावल्या पडत नाहीत आणि उतारावरचे उंचवटे-खळगे एकसपाट दिसतात. नवशिके पडतात ते बरेचदा इथेच. अशा वेळी एस१ वर्गाची पिवळी किंवा गुलाबी काच हवी. ती विखुरलेला निळा प्रकाश अडवते आणि बर्फाचा पोत उठून दिसतो. गुलमर्ग गाव सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि गोंडोला (तारेवरची केबल कार) त्याहून हजारेक मीटर वर नेतो, त्यामुळे खाली धुकं आणि वर लख्ख ऊन असंही होतं. म्हणून काचा बदलता येणारी फ्रेम आणि एस१, एस३ अशा दोन काचा घ्या. चुंबकाने बसणारी काच हातमोजे घालूनही बदलता येते. एकच परवडत असेल, तर एस२ मधली ३० टक्क्यांच्या आसपासची घ्या.

आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली निवड करू नका. दिवेलागणीला बाहेर येऊन, काच डोळ्यांवर धरून फूटपाथची कड स्पष्ट दिसते का ते बघा.

ढगाळ दिवशी गॉगल काढला तर चालेल? (नाशिक रोड)

मुळीच नाही. अतिनील किरणं ढगांतूनही येतात, दर हजार मीटरला साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. नाशिक जेमतेम ६०० मीटरवर आहे, इथल्या सवयीवर जाऊ नका. या किरणांमुळे डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग काही तासांनी, बहुतेकदा रात्री सुरू होते. काच गडद असली म्हणजे संरक्षण मिळतंच असं नाही. ‘यूव्ही ४००’, म्हणजे अतिनील किरणं अडवणारी काच, असं लिहिलेलं असायला हवं.

काच आतून सारखी धुकटते. पुसली की आणखी बिघडते. (सिडको)

कारण पुसताना आतला धुकंरोधक थर निघून जातो. आतून कधीही घासू नका; बर्फ गेला तर झटका आणि मऊ कापडाने नुसतं टिपा. दुहेरी काचच घ्या. गॉगल कपाळावर चढवला की घामाची वाफ आत साठते. मफलर नाकावर ओढला की श्वास खालच्या झरोक्यांतून थेट काचेवर जातो. रात्री हीटरवर वाळवू नका, दोन काचांमधला जोड सुटतो. खोलीतच उघडा ठेवा.

मला चष्मा आहे. (पंचवटी)

‘ओटीजी’ (ओव्हर द ग्लासेस, म्हणजे चष्म्यावरून घालायचा) प्रकार घ्या. त्याच्या फ्रेमला चष्म्याच्या दांड्यांसाठी खाचा असतात. दुकानात चष्मा आणि हेल्मेट दोन्ही घेऊन जा. गॉगल चष्मा नाकावर दाबत असेल किंवा हेल्मेटखाली कपाळ उघडं राहत असेल, तर दुसरा बघा.