काम घरून, ओळख बाजारात : व्हर्च्युअल असिस्टंट व्यवसायाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : स. न. वि. वि. मी लातूरला राहते. वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यानंतर काही वर्षे मी एका कर सल्लागाराच्या कार्यालयात टॅली, जीएसटीच्या नोंदी आणि पत्रव्यवहार ही कामे केली. मूल लहान असल्याने नोकरी सोडली आणि गेल्या वर्षापासून घरूनच व्हर्च्युअल असिस्टंट म्हणून, म्हणजे इतरांची कार्यालयीन कामे इंटरनेटवरून करून देणारी मदतनीस म्हणून, काम सुरू केले. सध्या दोन ग्राहक आहेत आणि दोघेही नात्यातले आहेत. इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर मी नियमित पोस्ट टाकते. त्या लोकांना आवडतात, पण विचारणा एकही येत नाही. जाहिरातीवर पैसे खर्च करावेत का?
एक वाचक, लातूर

उत्तर : सध्या करू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्या पोस्ट ज्यांना आवडतात त्या बहुधा आपल्या मैत्रिणी, नातेवाईक आणि हाच व्यवसाय करू पाहणाऱ्या इतर स्त्रिया असाव्यात. ज्याच्या टेबलावर बिले साचली आहेत तो डाळ मिलचा मालक किंवा मोंढ्यातला आडत्या मदतनीस शोधण्यासाठी इन्स्टाग्राम उघडत नाही. तो आपल्या सीएला, मुनिमाला किंवा शेजारच्या दुकानदाराला विचारतो. त्यामुळे आपले नाव पोचायला हवे ते आधी या विचारल्या जाणाऱ्या माणसांपर्यंत, आणि त्यांच्यापैकी सीएची भाषा आपल्याला आधीच अवगत आहे.

आपण कर सल्लागाराकडे काम केले असल्याने पुढचे चित्र आपल्या परिचयाचे असेल. दरमहा विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्याचे जीएसटीआर-१ हे विक्रीचे विवरण पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-३बी हे करभरण्याचे विवरण २० तारखेपर्यंत भरावे लागते. या तारखा जवळ आल्या की प्रत्येक सीएच्या कार्यालयातून तेच ते फोन सुरू होतात, कारण कोणी खरेदीची बिले पाठवलेलीच नसतात, कोणी मोबाइलवर तिरपे फोटो काढून पाठवलेले असतात, आणि कोणी सगळा गठ्ठा पिशवीत भरून १० तारखेच्या संध्याकाळी आणून टाकतो. हा त्रास कमी करणारी व्यक्ती सीएला हवीच असते. आपण त्यांना इतकेच सांगावे : ‘आपल्या ज्या व्यापाऱ्यांची बिले वेळेवर येत नाहीत, त्यांच्याकडून ती दर आठवड्याला मागवून, तपासून आणि टॅलीत नोंदवून ५ तारखेपर्यंत आपल्या कार्यालयाकडे देण्याचे काम मी करते, मोबदला तो व्यापारी देईल.’ या एका वाक्यात काम, मुदत आणि पैसे कोण देणार हे तिन्ही येते, आणि सीएला त्याच्या व्यापाऱ्यापुढे आपले नाव काढणे सोपे जाते.

भेटीला जाताना महिन्याची २१ तारीख उलटू द्यावी. विवरणांच्या धांदलीत गेलात तर आपले कार्ड कागदांच्या ढिगाखाली जाईल. ग्राहक मिळवून दिल्याबद्दल सीएला कमिशन देऊ करू नये, कारण ते त्यांच्या व्यावसायिक आचारसंहितेत बसत नाही आणि असा प्रस्ताव ठेवणाऱ्याविषयी मनात शंका येते ती वेगळीच. विवरण भरण्याचे किंवा कर सल्ल्याचे काम आपण घेणार नाही, हेही पहिल्याच भेटीत सांगून टाकावे. त्यांच्याच कामावर आपला डोळा आहे असे वाटले, तर कोणीही आपली शिफारस करणार नाही.

लातुरात दुसरे मोठे क्षेत्र शिकवणी वर्गांचे आहे. मोठ्या वर्गांकडे स्वतःचा कर्मचारीवर्ग असतो, त्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. पण एक-दोन शिक्षकांनी चालवलेले वर्ग, वसतिगृहे आणि खानावळी यांना दहावीच्या निकालानंतरच्या प्रवेशाच्या दिवसांत फोन घ्यायलाही माणूस नसतो. आलेल्या विचारणांची यादी ठेवणे, पालकांना परत फोन करणे, शुल्काच्या हप्त्यांची आठवण देणे ही कामे घरून सहज होतात. त्यासाठी या मंडळींना भेटायचे ते मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये, कारण जूनमध्ये त्यांना आपल्याशी बोलायलाही सवड नसेल.

सामाजिक माध्यमांपैकी आपल्याला खरोखर उपयोगी पडेल ते व्हॉट्सअॅप. व्यवसायासाठी वेगळे सिम घेऊन त्यावर मोफत मिळणारे व्हॉट्सअॅप बिझनेस सुरू करावे, कॅटलॉगमध्ये तीन-चार सेवा दरासह लिहाव्यात, कामाची वेळ नोंदवावी आणि त्या वेळेबाहेर आपोआप जाणारा निरोप लावून ठेवावा. एकाच वेळी अनेकांना पाठवलेला ब्रॉडकास्ट निरोप ज्यांनी आपला क्रमांक साठवून ठेवला आहे त्यांनाच पोचतो, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते आणि मग ‘पाठवले पण कोणी पाहिले नाही’ अशी तक्रार होते. म्हणून ओळख झाल्यावर लगेच जाहिरात न पाठवता समोरच्याला उपयोगी पडेल असे काही पाठवावे, उदाहरणार्थ येत्या महिन्यातील करविषयक तारखांचे एक पान, आणि त्याच निरोपात आपला क्रमांक साठवून ठेवण्याची विनंती करावी. अनोळखी गटांमध्ये शिरून जाहिराती टाकल्यास लोक तक्रार करतात आणि क्रमांकच बंद होण्याची वेळ येते.

आणखी एक गोष्ट पत्रात नाही, पण आपल्या कामात ती आडवी येत असणार. ‘घरबसल्या कमवा’ अशा जाहिरातींनी इतक्या लोकांना फसवले आहे की घरून काम करणाऱ्या प्रामाणिक व्यक्तीकडेही संशयाने पाहिले जाते. ‘घरबसल्या’ हा शब्द आपल्या कार्डावर किंवा पोस्टमध्ये कुठेही नसावा. लघुउद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी करून घ्यावी. ती सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे मोफत होते, आधार आणि पॅन एवढ्यावर होते, आणि तिच्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे खासगी दलालांची असतात. व्यवसायाच्या नावाचे बँक खाते, त्याच नावाचा ईमेल पत्ता आणि क्रमांक घातलेले बिल एवढे असले, की मोंढ्यातला व्यापारीही आपल्याला व्यावसायिक म्हणून वागवू लागतो.

नात्यातल्या दोन ग्राहकांचाही उपयोग आहे, पण ‘कोणी असेल तर सांगा’ एवढे म्हणून भागत नाही. ‘तुम्हाला माल पुरवणाऱ्यांपैकी कोणाची बिले नेहमी उशिरा येतात?’ असे नेमके विचारले, तर उत्तरात एक नाव मिळते.

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरात बजाजनगर भागात राहतो आणि ईमेल, डेटा एंट्री, सोशल मीडिया, प्रवास आरक्षण, सादरीकरणे अशी सर्व प्रकारची कामे घरून करतो. उद्योजकांच्या बऱ्याच बैठकांना गेलो, पुष्कळ कार्डे वाटली, पण हाती काही लागले नाही. एखाद्या नेटवर्किंग संस्थेचे सशुल्क सदस्यत्व घ्यावे का?
एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : सदस्यत्वाच्या आधी आपल्या यादीकडे पाहावे लागेल. पाच कामे सांगणाऱ्याचे एकही काम ऐकणाऱ्याच्या लक्षात राहत नाही, आणि बैठकीत बोलायला जेमतेम मिनिटभर मिळते. आपण राहता त्या वाळूज परिसरात १९८५मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणारे असंख्य लहान कारखाने उभे राहिले. अशा कारखान्याचा मालक दिवसभर यंत्रांपाशी उभा असतो. नवीन भागाचे ड्रॉइंग सकाळी ईमेलवर येते, तो ते रात्री पाहतो, कोटेशन चौथ्या दिवशी जाते आणि तोवर ऑर्डर दुसऱ्याने नेलेली असते. हे नुकसान त्याला रुपयांत मोजता येते, म्हणून ते टाळण्यासाठी तो पैसे मोजायलाही तयार असतो.

बैठकीत आपण एवढेच म्हणावे : ‘लहान कारखान्यांना आलेली प्रत्येक विचारणा त्याच दिवशी नोंदवून, मालकाने फोनवर सांगितलेल्या दरानुसार कोटेशन तयार करून पाठवणे आणि ऑर्डर येईपर्यंत पाठपुरावा करणे, हे माझे काम आहे.’ प्रवास आरक्षण आणि सादरीकरणे ही कामे ग्राहक झाल्यावर आपोआप येतात. ती आधी सांगण्याची गरज नाही.

संस्थांविषयी सांगायचे तर, चेंबर ऑफ मराठवाडा इंडस्ट्रीज अँड अॅग्रिकल्चर म्हणजे सीएमआयए आणि लघुउद्योजकांची मसिआ या उद्योगांच्या प्रातिनिधिक संघटना आहेत. त्यांच्या खुल्या व्याख्यानांना आणि प्रदर्शनांना जाणे आपल्यासाठी सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी आहे. प्रदर्शनात मालक स्वतः स्टॉलवर उभा असतो, दुपारच्या वेळी त्याला सवडही असते, आणि त्याच्याकडे आलेल्या भेटकार्डांचा ढीग पुढे कोण नोंदवणार, हा प्रश्न आपणच त्याला विचारू शकता. ते काम एका प्रदर्शनापुरते करून दिले, तर पुढचे बोलणे सोपे होते.

बीएनआयसारख्या सशुल्क गटांची रीत वेगळी आहे. तेथे एका गटात एका व्यवसायाचा एकच सदस्य घेतात, बैठक दर आठवड्याला होते आणि गैरहजेरी चालवून घेत नाहीत. आपल्या व्यवसायाची जागा रिकामी असेल, तर हा नियम आपल्या फायद्याचा आहे. तरीही आधी पाहुणे म्हणून जावे आणि तेथे बसलेल्यांपैकी किती जणांचा व्यवसाय दरमहा आपले शुल्क देण्याएवढा आहे, ते कागदावर मांडावे. निम्मे सदस्य आपल्यासारखेच एकटे काम करणारे असतील, तर तो गट चांगला असूनही आपल्यासाठी नाही. मराठी उद्योजकांच्या सॅटर्डे क्लबलाही हीच कसोटी लावावी.

कार्डे वाटण्यापेक्षा ती घेण्याकडे लक्ष द्यावे. ज्याचे कार्ड घेतले त्याला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निरोप जायला हवा, आणि त्यात त्याने बोलताना सांगितलेल्या अडचणीचा उल्लेख हवा. पाठपुरावा हेच आपण विकणार असाल, तर आपला स्वतःचा पाठपुरावा हा आपल्या कामाचा पहिला नमुना ठरतो. एरवी नमुने दाखवताना एका ग्राहकाची खरी कोटेशने, दर किंवा ईमेल दुसऱ्याला कधीही दाखवू नयेत. वाळूजमध्ये सगळे एकमेकांना ओळखतात. काल्पनिक नावे आणि आकडे घालून दोन-तीन नमुने तयार ठेवावेत.

प्रश्न : काम मिळते, पण ग्राहक पैसे महिनोन्महिने देत नाहीत. तगादा लावला तर पुढचे काम जाईल, अशी भीती वाटते.
एक वाचक, परभणी

उत्तर : उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु सेवा पुरवठादाराचे पैसे, लेखी करारात मुदत ठरलेली असल्यास त्या मुदतीत आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत, तर करार नसल्यास १५ दिवसांत देणे २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायद्याने बंधनकारक आहे. मुदत टळल्यास ग्राहकाला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा करता येत नाही. त्यामुळे बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला, की मार्चअखेरीस पुष्कळदा ग्राहकाचा सीएच त्याला आपले पैसे देण्याची आठवण करतो, आणि तगाद्याचा वाईटपणा आपल्याकडे येत नाही. नवीन ग्राहकाकडून महिन्याचे निम्मे शुल्क आधी घेण्याची पद्धत मात्र पहिल्या दिवसापासून ठेवावी. नंतर ती लागू करणे फार अवघड जाते.

प्रश्न : नांदेडहून परदेशी ग्राहकांसाठी काम करता येईल का? सुरुवात अपवर्कपासून करावी की लिंक्डइनपासून?
एक वाचक, नांदेड

उत्तर : करता येईल, परंतु सुरुवातीचे काही महिने उत्पन्न गृहीत धरू नये. अपवर्क या कामे मिळवून देणाऱ्या संकेतस्थळावर प्रत्येक कामासाठी अर्ज करताना ‘कनेक्ट्स’ नावाची टोकने खर्च होतात आणि ती विकत घ्यावी लागतात, म्हणून दिसेल त्या कामाला अर्ज करणे परवडत नाही. फायव्हर या तशाच संकेतस्थळावर आपण सेवा मांडून ठेवतो आणि मिळालेल्या रकमेतून २० टक्के कापले जातात. आमचा कल लिंक्डइनकडे आहे, मात्र तेथे रोज सुविचार टाकून उपयोग नाही. एकच देश आणि एकच व्यवसाय निवडावा, उदाहरणार्थ ब्रिटनमधील लहान हिशेबनीस संस्था, आणि त्यांच्या मालकांच्या लेखनाखाली विषयाला धरून प्रतिसाद लिहीत राहावे. ओळख झाल्यानंतरच कामाचे विचारावे.

ब्रिटन सुचवण्याचे कारण वेळेत आहे. तेथील सकाळचे ९ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचे दीड आणि हिवाळ्यात अडीच वाजतात, त्यामुळे काम रात्री साडेदहा-साडेअकरापर्यंत आटोपते. न्यूयॉर्कच्या ग्राहकाचा दिवस आपल्याकडे संध्याकाळी साडेसहा-साडेसातला सुरू होतो आणि पहाटे संपतो. घरात लहान मुले किंवा वृद्ध असतील, तर हा फरक ग्राहक शोधण्याआधी विचारात घ्यावा. परदेशातून आलेली रक्कमही जीएसटीच्या २० लाखांच्या वार्षिक मर्यादेत मोजली जाते, म्हणून तिचा हिशेब पहिल्या बिलापासून वेगळा ठेवावा.

वीज गेल्याचे कारण परदेशी ग्राहक एकदाच ऐकून घेतो. राउटरसाठी बॅटरी, लॅपटॉपसाठी इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचे इंटरनेट यांची सोय आधी करावी, आणि ती केल्याचे आपल्या लिंक्डइनच्या परिचयात एका ओळीत लिहावे, कारण भारतातील लहान शहरातून काम करणाऱ्याविषयी परदेशी ग्राहकाच्या मनात बहुतेक वेळा पहिली शंका तीच असते.